दारणेच्या तळचा मासा

नाशिकचें नांव निघालें कीं मनांत रामकुंड उभें राहतें, पंचवटी येते, पांडवलेण्यांचा डोंगर दिसूं लागतो, आणि अलीकडच्या पिढीस द्राक्षांचे मळेहि आठवतात. मासा मात्र कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तें साहजिकच आहे. समुद्र येथून दूर. मध्यें सह्याद्रीची भिंत. आणि गोदातटाकीं आलेला यात्रेकरू नदीकडे पाहतो तो तीर्थ म्हणून, तिच्या तळाशीं कोण राहतें याची चौकशी करण्यासाठीं नव्हे. तथापि प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत नाशिक जिल्ह्यांतील एका गांवाचें नांव कायमचें नोंदलें गेलें आहे, आणि तो मान त्या गांवाला मिळवून देणारा प्राणी म्हणजे एक बोटाएवढा मासा आहे.

तें गांव देवळाली. देवळालीनें जगास दोन नांवें दिलीं. पहिलें इंग्रजी भाषेला. इंग्रजी अमदानींत मायदेशीं परतणाऱ्या गोऱ्या शिपायांचा तळ देवळालीस असे. बोटींचा हंगाम येईपर्यंत त्यांस तेथें महिनेच्या महिने बसून राहावें लागे. उकाडा, ताप आणि रिकामपण यांनीं कित्येकांचें डोकें फिरे. त्यावरून डोकें फिरलेल्या माणसाला ‘डुलाली’ म्हणण्याची रीत इंग्रजींत पडली, आणि तो शब्द त्यांच्या कोशांत आजहि आहे. दुसरें नांव त्या मानानें निरुपद्रवी. देवळालीजवळून वाहणाऱ्या दारणा नदींत सांपडलेल्या एका लहान माशाला इंग्रजींत ‘देवळाली मिनो’ म्हणतात. वेडाचा शब्द साऱ्या इंग्रजी मुलुखांत पसरला. माशाचें नांव मात्र खुद्द नाशकांतहि फार थोड्यांना ठाऊक आहे.

हा मासा तळाशीं राहणारा. तळाशीं राहणें म्हणजे काय, हें समजण्यास प्रथम समुद्राकडे वळणें सोयीचें होईल. कारण तेथील एक उदाहरण मुंबईच्या व कोंकणच्या स्वयंपाकघरांत नित्याचें आहे. तें उदाहरण म्हणजे लेपा. चपात्यासारखा चपटा असा हा मासा ताटांत पडला म्हणजे त्याचे दोन्ही डोळे एकाच अंगाला आहेत हें घरच्या मुलांच्याहि नजरेंतून सुटत नाहीं. वास्तविक अंड्यांतून बाहेर पडलेलें लेप्याचें पिलूं इतर माशांप्रमाणेंच उभें पोहतें आणि त्याचा एक डोळा उजवीकडे व एक डावीकडे असतो. पुढें तें वाढूं लागलें म्हणजे एक डोळा हळूहळू डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूस येतो, आणि मग तो मासा एका कुशीवर आडवा होऊन जन्मभर वाळूंत पडून राहतो. वाळूकडची बाजू फिकट, वरची बाजू वाळूच्या रंगाची.

ह्या सरकणाऱ्या डोळ्यानें एके काळीं मोठ्या पंडितांस कोड्यांत घातलें होतें. डार्विनचा विकासवाद प्रसिद्ध झाल्यावर सेंट जॉर्ज मायव्हर्ट यांनीं १८७१ सालीं असा आक्षेप काढिला कीं, डोळा पुरता दुसऱ्या बाजूस गेला तर उपयोगी खरा. पण अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा माशाला काय लाभ? डार्विननें १८७२ सालच्या आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तींत त्यास उत्तर दिलें. परंतु अर्धवट डोळ्याचा मासा प्रत्यक्ष कोणी दाखविला नव्हता. तो दाखविला गेला २००८ सालीं. उत्तर इटलींतील बोल्का येथील सुमारें पांच कोटि वर्षांपूर्वींच्या अश्मीभूत माशांची कवटी तपासतां मॅट फ्रीडमन ह्या संशोधकास असे मासे आढळले कीं, ज्यांचा एक डोळा वाटेंतच, डोक्याच्या माथ्याकडे सरकून थांबलेला होता. म्हणजे माशाचें शरीर हा एक जुना दस्तऐवज आहे. तो वाचतां आला पाहिजे, इतकेंच. दारणेच्या माशाची कथा अशाच एका वाचनाची आहे. फरक एवढाच कीं, येथें दस्तऐवज दगडांत नसून वाहत्या पाण्यांत आहे.

समुद्राच्या तळाशीं वाळू असते. माशाला तेथें लपावयाचें असतें. डोंगरी नदीच्या तळाशीं दगडगोटे असतात. माशाला तेथें टिकावयाचें असतें. दारणा कुळंग गडाच्या परिसरांत, इगतपुरी तालुक्यांत उगम पावते. इगतपुरीस वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून ईशान्येस पन्नास किलोमीटरांच्या आंत असलेल्या नाशिक शहरास सुमारें सातशें मिलिमीटरच लाभतो. त्यामुळें पावसाळ्यांत वरच्या खोऱ्यांतून जें पाणी येतें त्याला विलक्षण ओढ असते. असल्या पाण्यांत मध्यभागीं पोहत राहूं म्हणणारा लहान मासा वाहून जावयाचाच. पण प्रवाहाचा एक गुण असा आहे कीं, दगडाच्या पृष्ठभागास लागून जो पाण्याचा पातळ थर असतो तो घर्षणामुळें मंदावलेला असतो. वर पाणी गर्जत असलें तरी दगडाला अगदीं बिलगून राहणाऱ्यास त्या थरांत आसरा मिळतो. त्यांत मावेल एवढें चपटें मात्र व्हावें लागतें.

डोंगरी ओढ्यांतील तळच्या माशांचें सारें शरीर ह्या एका गरजेप्रमाणें घडलेलें दिसतें. त्यांचें पोट सपाट असतें. तोंड समोर नसून खालच्या बाजूस असतें, म्हणजे दगड न सोडतां त्यावरचें शेवाळ खरवडून खातां येतें. डोळे वरच्या अंगाला सरकलेले असतात. कारण पोटाखालीं दगड, तेथें पाहावयाचें काय? छातीचे पर उभे नसून पंख्यासारखे आडवे पसरलेले असतात, आणि त्यांतील बाहेरच्या शिरा जाड होऊन त्यांखालचें कातडें खरखरीत झालेलें असतें. त्यानें दगडावर पकड बसते. इतर माशांस पाण्यांत तरंगण्यास मदत करणारी हवेची पिशवी, जीस वाताशय म्हणतात, ती ह्यांपैकीं कित्येकांत लहान झालेली असते. ज्याला तळाशींच राहावयाचें त्याला हलकेपणा हा गुण नव्हे, दोष होय.

याहिपुढें जाऊन कांहीं माशांनीं खास साधनें मिळविलीं आहेत. गोदावरी व कृष्णा ह्यांच्या खोऱ्यांत आढळणारा मल्या नांवाचा मासा पाहावा. त्याच्या खालच्या ओठामागें हनुवटीवर एक मांसल चकती असते. तिच्या मध्यभागीं घट्ट गादी व मागची कड मोकळी. ही चकती दगडावर टेकवून तो प्रवाहांत स्थिर राहतो. दुसरा एक शिंगटीच्या जातकुळीचा लहान मासा ग्लिप्टोथोरॅक्स ह्या वंशांतला. ह्या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘कोरीव छातीचा’ असा आहे. त्याच्या छातीखालीं कातड्याच्या बारीक निऱ्या असतात, आणि त्या ओल्या दगडावर टेकल्या म्हणजे सहसा सुटत नाहींत.

दख्खनच्या माशांची पहिली मोठी शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनीं केली. मुंबई सरकारनें त्यांस १८२४ सालीं दख्खनची माहिती व आंकडे जमविण्याच्या कामावर नेमिलें, आणि १८३१ पर्यंत ते ह्या प्रांतांत हिंडले. नाशिक जिल्हा तेव्हां स्वतंत्र नव्हता. तो १८६९ सालीं झाला. साइक्स यांनीं पिकें मोजिलीं, पाऊस मोजिला, पक्षी टिपिले, आणि नद्यांतील मासेहि सोडिले नाहींत. १८३८ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळापुढें त्यांनीं ‘दख्खनचे मासे’ हा आपला निबंध सादर केला. त्यांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. नव्या माशांस शास्त्रीय नांवें देतांना बऱ्याच ठिकाणीं त्यांनीं लॅटिन शब्द शोधीत न बसतां नदीकांठच्या लोकांच्या तोंडचींच नांवें उचललीं. त्यामुळें जगांतील कोणत्याहि संग्रहालयांत आज ‘गार्रा मल्या’ म्हणून जो मासा ओळखला जातो त्याचें उत्तरपद शुद्ध मराठी आहे. तळाशीं राहणारा ‘मुरे’ तसाच, ‘शिंगटी’हि तशीच. लॅटिन वळणाच्या यादींत हे मराठी शब्द जवळजवळ दोन शतकें सुखानें नांदत आहेत.

साइक्स यांच्या मागून डॉ. फ्रान्सिस डे आले. त्यांचा ‘हिंदुस्थानचे मासे’ हा मोठा ग्रंथ १८७५ ते १८७८ ह्या वर्षांत प्रसिद्ध झाला आणि माशांच्या ओळखीला एक पक्का पाया मिळाला. पण साइक्स काय किंवा डे काय, दोघांचें मुख्य काम माशाला नांव देणें, त्याचे कांटे व खवले मोजणें, हें होतें. माशाचें शरीर असें कां घडलें, हा प्रश्न मध्यवर्ती होण्यास आणखी कांहीं काळ जावा लागला.

१९१६ सालीं कलकत्त्यास ‘झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक डॉ. नेल्सन अॅनंडेल. त्यांना डोंगरांतील लहान ओढ्यांचें विशेष आकर्षण. मुंबई इलाख्यांतील अशा कांहीं ओढ्यांच्या प्राणिसृष्टीवर त्यांच्या संस्थेनें एक लेखमाला प्रसिद्ध केली. तींत १९१९ सालीं अॅनंडेल यांनीं सह्याद्रींतील एका लहान, चपट्या पोटाच्या, दगडांत राहणाऱ्या माशाचें वर्णन केलें. त्याचा एकंदर घाट पाहून त्यांस ‘सायलोऱ्हिंकस’ ह्या वंशाची आठवण झाली. तो वंश राहतो बंगालच्या उत्तरेस व आसामकडे, हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांत. अॅनंडेल यांनीं सह्याद्रीच्या माशाला त्याच वंशांत घातलें. फक्त एक गोष्ट खटकण्यासारखी होती. आसामकडच्या त्या माशांस मिशा नसतात. ह्याला मिशांची एक जोडी होती. म्हणून त्याचें नांव त्यांनीं ‘टेन्टॅक्युलेटस’, म्हणजे स्पर्शिकांचा, असें ठेविलें.

त्याच वर्षीं अॅनंडेल लाहोरास गेले असतां त्यांची गांठ एका तेवीस वर्षांच्या पंजाबी तरुणाशीं पडली. त्याचें नांव सुंदरलाल होरा. जन्म १८९६ सालचा, हाफिजाबादचा. अॅनंडेल यांनीं त्याला कलकत्त्यास बोलावून घेतलें, आणि पुढच्या पस्तीस वर्षांत हिंदुस्थानांतील माशांचा अभ्यास म्हणजे होरा असें समीकरण होऊन बसलें. ह्या तरुणानें आल्या आल्या आपल्या वडिलधाऱ्या गुरूंनीं वर्णिलेला मासा पुन्हां तपासला. मिशांची ती जोडी त्याला क्षुल्लक वाटली नाहीं. १९२१ सालीं त्यानें सांगितलें कीं, हा मासा सायलोऱ्हिंकस नव्हे. तो निराळ्या वंशाचा असून मल्यासारख्या माशांशीं त्याचें खरें नातें आहे. नव्या वंशाला त्यानें ‘पॅराप्सिलोऱ्हिंकस’ असें नांव दिलें. ‘पॅरा’ म्हणजे जवळचा, सारखा. नांवांतच सारी हकीकत आली: सारखा दिसतो, पण तो नव्हे. मल्यासारखी पुरती वाढलेली चकती ह्या वंशांत दिसत नाहीं. परंतु सपाट पोट, खालीं वळलेलें तोंड आणि आडवे पसरलेले पर हे सारे दगडाला बिलगण्याचे गुण त्याच्या अंगीं आहेत.

येथें एक मोठा प्रश्न उभा राहिला. दोन प्राणी सारखे दिसतात तेव्हां ते एकाच घराण्यांतले म्हणून सारखे असतात, कीं एकाच परिस्थितींत वाढले म्हणून? पाथरवटाचे हात घट्ट होतात ते बापाकडून आले म्हणून नव्हे, तर छिन्नीमुळें. उपमा अपुरी आहे, कारण हाताचे घट्टे पुढच्या पिढीस जात नाहींत. माशांचा बदल मात्र शेंकडों पिढ्यांच्या निवडीनें होतो. ज्या पिलाचें पोट किंचित् अधिक सपाट तें पुरांत टिकतें, आणि त्याचाच वंश पुढें चालतो. परंतु मुख्य मुद्दा तोच राहतो. दगड आणि प्रवाह हे दोघे सगळीकडे सारखेच कठोर असल्यामुळें निरनिराळ्या घराण्यांतील मासे त्यांच्या हाताखालीं एकाच साच्याचे होऊन बाहेर पडतात. दक्षिण अमेरिकेंत अँडीज पर्वताच्या ओढ्यांतील शिंगटीसारखे मासे मुखानें दगडाला चिकटतात. सयामच्या नद्यांतील एका माशाला तोंड दगडावर टेकलेलें असतांनाहि श्वास घेतां यावा म्हणून कल्ल्याजवळ निराळें छिद्र असतें. समुद्रकांठच्या खडकांतील खरबी जातीच्या माशांत पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची वाटी बनते. ह्यांचें एकमेकांशीं जवळचें नातें नाहीं. पाण्याच्या माऱ्यापुढें टिकण्याची गरज तेवढी समान.

होरा यांनीं आसामच्या खासी टेकड्यांतील व इतर ठिकाणच्या ओढ्यांत स्वतः उतरून हे मासे पाहिले. १९२२ सालीं त्यांनीं ह्या शरीररचनेवर एक निबंध लिहिला, आणि १९३० सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत ओढ्यांतील प्राणी व त्यांचीं चिकटण्याचीं साधनें ह्या विषयावर त्यांचा विस्तृत प्रबंध छापला गेला. पकड नेहमींच हवा ओढून घेणाऱ्या चकतीची नसते. पुष्कळदां ती खरखरीत कातड्याच्या घर्षणाची असते, हा बारकावा त्यांनीं त्यांत मांडला आहे.

दारणेचा मासा ह्या कथेंत येतो तो पुढच्या दशकांत. ए. जी. एल्. फ्रेझर नांवाचे एक हौशी गृहस्थ त्या काळांत देवळालीच्या परिसरांतील मासे जमवीत असत. त्यांच्या संग्रहांतील एका माशाला होरा यांनीं १९३५ सालीं फ्रेझर यांचेंच नांव दिलें. मग ‘देवळालीचे मासे’ ह्या मथळ्याखालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत होरा आणि के. एस्. मिश्र ह्या दोघांची लेखमाला सुरू झाली. तिच्या १९३८ सालच्या भागांत दारणेंतील दोन नव्या जाती वर्णिलेल्या आहेत. एकीस पुन्हां फ्रेझर यांचें नांव मिळालें. दुसरी ती आपल्या कथेची नायिका: पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटरी. हें नांव सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांच्या सन्मानार्थ. प्रेटर म्हणजे हिंदी वन्य प्राण्यांवरील सुप्रसिद्ध ग्रंथाचे कर्ते. पुढें ते घटनासमितीचे सदस्यहि झाले. एका लष्करी छावणीजवळच्या नदींतील मासा, पंजाबांत जन्मलेला पंडित, मुंबईची सोसायटी आणि कलकत्त्याचें संग्रहालय, एवढी मंडळी त्या बोटभर जिवाभोंवतीं एकत्र आलीं.

ज्या स्थळावरून एखाद्या जातीचा पहिला अधिकृत नमुना मिळतो त्यास शास्त्रज्ञ त्या जातीचें आदिस्थल मानितात. पुढें केव्हांहि शंका निघाली कीं तेथेंच परत यावें लागतें. दारणा ही अशा अनेक माशांचें आदिस्थल आहे. एवढ्याशा नदीला हा मान थोडा नव्हे.

होरा यांच्या मनांत मात्र एक जुना विचार घोळत होता. सह्याद्रींतील व त्याहून दक्षिणेकडील डोंगरांतील कित्येक मासे आसाम, ब्रह्मदेश व मलाया येथील माशांसारखे आहेत. मधल्या विस्तीर्ण सपाट प्रदेशांत मात्र ते नाहींत. डोंगरी ओढ्याशीं बांधलेला मासा सपाट मुलखांतील गढूळ, संथ पाणी ओलांडून इतक्या दूर कसा आला? १९४४ सालीं व पुढें १९४९ सालच्या परिसंवादांत त्यांनीं उत्तर सुचविलें. पूर्वीं हवामान अधिक ओलें असतां गारो टेंकड्यांकडून राजमहालच्या टेंकड्यांकडे, तेथून विंध्य-सातपुड्याच्या रांगेनें पश्चिमेस, आणि शेवटीं सह्याद्रीच्या उत्तर टोंकाशीं, असा हा प्रवास झाला असावा. ह्यालाच ‘सातपुडा-सिद्धान्त’ म्हणतात. हा मार्ग खरा धरला तर सह्याद्रींत शिरणाऱ्या माशांचें पहिलें मुक्कामाचें ठिकाण नाशिकच्या आसपासचे डोंगर ठरतात.

सिद्धान्त आकर्षक होता आणि त्यानें प्राणिशास्त्रज्ञांप्रमाणें वनस्पतिशास्त्रज्ञांनाहि विचारास प्रवृत्त केलें. पण आक्षेप निघालेच. सातपुड्याची रांग अखंड नाहीं. मध्यें खिंडी आहेत, नर्मदा-तापीचीं खोरीं आहेत. दुसरा आक्षेप अधिक खोल, आणि तो खुद्द होरा यांच्याच पहिल्या शोधांतून निघणारा. १९२१ सालीं त्यांनीं दाखविलें होतें कीं, सह्याद्रीचा मासा आसामच्या माशासारखा दिसला म्हणून त्याचा भाऊ ठरत नाहीं. मग त्याच न्यायानें इतर सारखेपणाहि पारखून घ्यावयास नको काय? कोणता सारखेपणा रक्ताचा आणि कोणता दगडाचा, हें डोळ्यांनीं पाहून सांगतां येत नाहीं.

होरा १९५५ सालीं निवर्तले. त्यांच्या काळीं जें साधन नव्हतें तें आतां हातीं आलें आहे. प्राण्याच्या पेशींतील अनुवंशद्रव्य तपासून त्याची वंशावळ लावतां येते, आणि कोणत्या दोन शाखा सुमारें केव्हां विभक्त झाल्या याचा अंदाज बांधतां येतो. ह्या परीक्षेमुळें सर्व माशांस एकाच मार्गावर घालण्याची पद्धत मागें पडली आहे. प्रत्येक घराण्याचा खटला निराळा चालवावा, असा आजच्या अभ्यासकांचा कल आहे. कोणी खरोखर पूर्वेकडून आला असेल. कोणी येथेंच जन्मून पूर्वेकडच्यासारखा दिसूं लागला असेल. परंतु खटला चालविण्यास साक्षीदार हयात पाहिजे. आणि नेमकी येथेंच काळजीची गोष्ट येते.

२०११ सालीं पश्चिम घाटांतील गोड्या पाण्याच्या जीवांचा एक विस्तृत आढावा जागतिक निसर्गसंवर्धन संघानें प्रसिद्ध केला. त्यांत २९० जातींच्या माशांचा विचार आहे, आणि त्यांपैकीं एक-तृतीयांशाहून अधिक जातींचें अस्तित्व धोक्यांत असल्याचें नमूद आहे. देवळालीचा मासा त्या संघाच्या यादींत ‘अतिसंकटग्रस्त’ ह्या वर्गांत पडतो. निसर्गांतून नाहींसें होण्याच्या अलीकडची ती शेवटची पायरी होय.

एखादा म्हणेल, धरणानें मासा मारिला. गोष्ट इतकी सोपी नाहीं. दारणेवरचें धरण १९१६ सालचें. मासा वर्णिला गेला तो १९३८ सालीं. म्हणजे धरणानंतर निदान वीस वर्षें तो नदींत होता. नदी एका घावानें मरत नाहीं. वाळू उपसली जाते, गोटे उचलले जातात, कारखान्यांचें व वस्तीचें सांडपाणी मिसळतें, परदेशांतून आणलेले मासे सोडले जातात. आणि पश्चिम घाटांतून निघणाऱ्या नद्यांस हे सारे घाव थोडथोडे करून बसले आहेत. मध्यभागीं पोहणारा मासा एक वेळ दुसऱ्या डोहांत निघून जाईल. ज्याचें सारें शरीरच दगडासाठीं घडलें त्याला दुसरें घर नाहीं. गोट्यांमधल्या फटी गाळानें भरल्या कीं त्याचें घर गेलें. दगडावरचें शेवाळ सांडपाण्याच्या साक्यानें झांकलें कीं त्याचें अन्न गेलें. ज्या गुणानें तो हजारों पुरांत टिकला तोच गुण आतां त्याला अडकवून ठेवितो.

नाशिककरांस ह्याचें एक ठळक उदाहरण दारणेऐवजीं गोदेच्याच पात्रांत पाहावयास मिळालें आहे. २००३ सालच्या सिंहस्थाच्या तयारींत रामकुंडाच्या परिसरांत नदीच्या तळावर काँक्रीटचा थर पडला आणि कांहीं जुनीं कुंडें त्याखालीं गेलीं. पुढें नागरिकांनीं तक्रार केली, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि तो थर काढण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. लोकांचा आक्षेप मुख्यतः कुंडांतील जिवंत झरे बुजण्याविषयीं होता, आणि तो रास्तच होता. माशाच्या बाजूनें कोणी बोलला असता तर त्याचें म्हणणेंहि तेंच झालें असतें: नदी म्हणजे केवळ पाणी नव्हे, तळ हाहि नदीचाच भाग आहे.

साइक्स यांनीं नदीकांठच्या मराठी माणसाचा शब्द उचलून जगाच्या यादींत नेला. होरा यांनीं मिशांच्या एका जोडीवरून एक चुकलेलें नातें दुरुस्त केलें. फ्रेझर यांनीं छावणीच्या गांवीं राहून, जेथें इतर शिपायांचीं डोकीं फिरत तेथें, नदींत जाळें टाकून मासे जमविले. ह्या साऱ्यांच्या श्रमाचें सार्थक व्हावयाचें तर दारणेच्या तळाशीं कांहीं मैल तरी स्वच्छ गोटे, खळखळतें पाणी आणि शेवाळाचा पातळ थर राहिला पाहिजे. मागणी फार मोठी नाहीं. देवळालीच्या पुलावरून उन्हाळ्याच्या आरंभीं कोणी खालीं डोकावलें, आणि उथळ पाण्यांत एखाद्या गोट्यावरून बोटभर सावली झर्रकन दुसऱ्या गोट्याखालीं गेलेली दिसली, तर तीकडे लक्ष द्यावें. ती कोणत्या माशाची हें पुलावरून ओळखतां येणार नाहीं. त्यासाठीं जाणत्यास बोलवावें लागेल. पण विचारणारा कोणी असला, तरच जाणता येईल.